जॉर्ज इन, सदर्क: लंडनमधली सज्जांची शेवटची सराय

लंडन ब्रिज स्टेशनातून बाहेर पडून बरो हाय स्ट्रीटने दक्षिणेकडे चालायला लागलं की डाव्या हाताला एकामागून एक अरुंद बोळ लागतात: किंग्ज हेड यार्ड, व्हाइट हार्ट यार्ड, जॉर्ज इन यार्ड, टॅलबट यार्ड. पलीकडे बरो मार्केट आहे, त्यामुळे लंडनला गेलेली मराठी मंडळी या रस्त्यावर हमखास असतात. पण त्यांतले फार थोडे या बोळांत शिरतात. या प्रत्येक बोळाच्या आत एकेकाळी घोडागाड्यांची एकेक मोठी सराय होती. आज त्यांतल्या एकाच बोळात जुनी सराय उभी आहे, आणि तीही एक तृतीयांशच. ती म्हणजे जॉर्ज इन.

सज्जे असलेली घोडागाड्यांची सराय लंडनमध्ये आता एवढी एकच उरली आहे. बहुतेक लोक आत येतात, पांढऱ्या कठड्याच्या लाकडी सज्जांचा फोटो काढतात, बिअर घेतात आणि जातात. माझं सांगणं असं की आधी इमारतीकडे पाठ करून अंगणाकडे बघा. सराय चालायची ती अंगणात. खोल्या, सज्जे, बार हे सगळं त्या अंगणाच्या सोयीसाठी बांधलेलं होतं. घोडे बदलणं, माल उतरवणं, माणसं चढवणं ही कामं तिथे कशी होत ते कळलं की उरलेल्या भिंतींचा अर्थ आपोआप लागतो.

इतक्या सराया इथेच का?

याचं उत्तर पुलात आहे. लंडन शहरातून थेम्स ओलांडायला 1750 पर्यंत एकच पूल होता, लंडन ब्रिज. त्या वर्षी वेस्टमिन्स्टरचा पूल खुला झाला. जुन्या पुलावर दोन्ही बाजूंना घरं आणि दुकानं होती, मधला रस्ता अरुंद होता आणि रात्री वेशी बंद होत. केंट, ससेक्स, सरे या दक्षिणेकडच्या परगण्यांतून येणारा प्रवासी अंधार पडल्यावर पोचला तर त्याला अलीकडेच मुक्काम करावा लागे. मालाच्या मोठ्या गाड्यांना तर दिवसाही त्या पुलावरून जाणं जिकिरीचं होतं. त्यामुळे गाडी पुलाच्या दक्षिण टोकाला, म्हणजे हे बोळ आहेत त्या सदर्कमध्येच सोडायची, माल उतरवायचा आणि तो लहान गाड्यांनी किंवा हमालांकरवी शहरात न्यायचा, हे सोयीचं पडे.

दुसरं कारण म्हणजे कँटरबरीची यात्रा. चौदाव्या शतकातल्या चॉसर कवीच्या काव्यातले यात्रेकरू ज्या टॅबर्ड सरायीतून निघतात ती जॉर्जच्या लगतची, दक्षिणेकडची. उत्तरेकडची व्हाइट हार्ट ही 1450 च्या बंडात बंडखोरांचा पुढारी जॅक केड याची छावणी होती. जॉन स्टो याने 1598 मध्ये लंडनचं वर्णन लिहिलं, त्यात सदर्कच्या सरायांची नावं ओळीने दिली आहेत: स्पर, ख्रिस्तोफर, बुल, क्वीन्स हेड, टॅबर्ड, जॉर्ज, हार्ट, किंग्ज हेड. सोळाव्या शतकाच्या मध्यावरच्या नकाशातही जॉर्ज आहे. म्हणजे आज दिसणाऱ्या इमारतीपेक्षा सरायीचं वय बरंच जास्त.

या सगळ्या जागा रस्त्याकडून अरुंद आणि आत लांबवर गेलेल्या आहेत. रस्त्यालगतची जागा महाग, म्हणून तिथे दुकानं. सरायीला रस्त्यावर फक्त एक कमान पुरे, गाडी आत जाईल एवढी. आत लांब अंगण, तिन्ही बाजूंना इमारत आणि पाठीमागे पागा, वैरणीची कोठारं, गाड्यांचे सोपे. पुण्या-नाशिकच्या वाड्यात देवडी ओलांडली की चौक लागतो आणि चौकाभोवती सोपे, सज्जे दिसतात, मांडणी तशीच. फरक इतकाच की वाड्याचा चौक घरच्यांचा, आणि हे अंगण पैसे मोजणाऱ्या कोणाचंही.

1676 ची आग आणि सज्जे

मे 1676 मध्ये सदर्कला मोठी आग लागली. पाचशेच्या आसपास घरं गेली. जॉर्ज, टॅबर्ड, व्हाइट हार्ट तिन्ही जळाल्या. लंडनची 1666 ची आग सगळ्यांना माहीत असते. नदीच्या या काठावरची, दहा वर्षांनंतरची आग फारशी कोणाला ठाऊक नसते, पण आजचं जॉर्ज तिच्यामुळेच असं दिसतं. 1677 मध्ये सराय नव्याने उभी राहिली. नवं बांधकाम भाडेकरूने केलं आणि त्या बदल्यात मालकाने भाडं उतरवलं, करार लांबवला. त्या काळी आगीनंतर पैसा उभा करायची ही सर्रास पद्धत होती.

नवं बांधायचंच होतं, तरी मांडणी मात्र जुन्याच धर्तीची ठेवली. मधे अंगण आणि वरच्या मजल्यांना बाहेरून लाकडी सज्जे. खोल्यांचे दरवाजे थेट सज्जात उघडतात. यात हिशेब आहे. जागा अरुंद, त्यामुळे इमारतीची खोली फार ठेवता येत नाही. आतून बोळ काढला तर तेवढ्या खोल्या कमी होतात. तोच बोळ बाहेर टांगला की प्रत्येक खोली पूर्ण रुंदीची मिळते आणि तिला अंगणाकडून उजेडही मिळतो. शिवाय सज्जातून अंगणात काय चाललंय ते दिसतं: आपली पेटी गाडीवर चढली की नाही, गाडी जोडली की नाही.

तोटेही तेवढेच. जानेवारीच्या रात्री खोलीतून बाहेर पडलं की थेट गारठ्यात. अंगणात रात्रभर गाड्या येत-जात, त्यामुळे झोपेचं कठीण. आणि सज्जाचं लाकूड कायम पावसात. तुळयांची पुढे आलेली टोकं, खांबांचे पाय आणि कठड्याच्या खालच्या पट्टीचे सांधे या तीन जागी पाणी मुरतं आणि तिथूनच लाकूड कुजायला लागतं. वरचं छप्पर पुढे काढलेलं असलं तरी वाऱ्याबरोबर येणारा पाऊस तिथवर पोचतोच. म्हणूनच अठराव्या शतकात पैसेवाल्या सरायांनी सज्जे बंद करून आतून बोळ काढले, किंवा पाडून विटांची नवी घरं बांधली. सज्जे टिकवायचे तर रंग, डागडुजी, बदललेली लाकडं हे कायमच करावं लागतं. जॉर्जचे सज्जे आज किंचित वाकलेले दिसतात. इतक्या वर्षांच्या भाराने तुळया लवल्या आहेत.

पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात अशा अंगणांत नाटकं होत. अंगणात उभं राहून बघणारे, सज्जात बसून बघणारे, आणि एका टोकाला तात्पुरता मंच. बिशप्सगेटची बुल, लडगेट हिलची बेल सॅव्हेज, ग्रेसचर्च स्ट्रीटवरची बेल आणि क्रॉस कीज या सरायांत नाटकं झाल्याचे पुरावे आहेत. आजची जॉर्ज ही त्यानंतर ऐंशी-शंभर वर्षांनी बांधलेली, तेव्हा हे सज्जे बघून शेक्सपिअर इथे उभा राहिला असेल असं कोणी म्हटलं तर ते मनावर घेऊ नका.

आधी मालगाड्या, मग प्रवासी

घोडागाड्यांची सराय म्हटलं की डोळ्यांपुढे चार घोड्यांची देखणी गाडी आणि कर्णा फुंकणारा गार्ड येतो. जॉर्जच्या बाबतीत ते चित्र अर्धवट आहे. इथली रोजची कमाई मोठ्या प्रमाणात मालवाहतुकीची होती. 1637 मध्ये जॉन टेलर याने लंडनला येणाऱ्या मालवाहकांची यादीच छापली: कुठल्या गावचा वाहक, कुठल्या वारी, कुठल्या सरायीत उतरतो. ज्याला गावी पेटी पाठवायची त्याने त्या वारी त्या अंगणात जायचं. सराय म्हणजे त्या गावाचं लंडनमधलं कार्यालय होतं.

मालाचा वॅगन म्हणजे अवजड प्रकरण. सहा-आठ घोडे, वर कमानदार कनात, आणि वेग माणसाच्या चालीचा, तासाला दोन ते तीन मैल. गाडीवान शेजारून चालत किंवा तट्टावर बसून हाके. अरुंद चाकं रस्त्याची चाळण करतात म्हणून 1753 च्या कायद्याने अवजड वॅगनांना 9 इंच रुंद चाकं लावायला सांगितलं आणि रुंद चाकांना टोलमध्ये सवलत ठेवली. ज्यांना प्रवासी गाडी परवडत नसे ते याच वॅगनमध्ये मालाच्या गठ्ठ्यांवर बसून जात.

इथल्या मालाचा राजा हॉप्स. बिअरला कडूपणा आणि टिकाऊपणा देणारी ही फुलं केंटमध्ये पिकत आणि सदर्क हा त्यांचा बाजार. सप्टेंबरमध्ये तोडणी. फुलं भट्टीवर वाळवून लांबच लांब पोत्यांत दाबून भरत. अशा एका पोत्याला पॉकेट म्हणत. लांबी माणसापेक्षा जास्त, वजन सुमारे 75 किलो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अशी पोती रचलेले वॅगन केंट रोडवरून रांगेने येत. हॉप्सला ओल लागली की वास आणि कस जातो, म्हणून पोती अंगणात उघड्यावर ठेवून चालत नसे. कोरडी, हवेशीर कोठारं लागत. अंगणाच्या तीन बाजूंपैकी बरीचशी जागा अशा कोठारांना आणि पागांना दिलेली असे ती याचसाठी. जवळच सदर्क स्ट्रीटवर 1867 मध्ये बांधलेलं हॉप एक्स्चेंज आजही आहे.

चार घोडे बदलायचे कसे

प्रवासी गाड्यांचा खरा बहर म्हणजे 1784 ते 1840 ही पन्नास-पंचावन्न वर्षं. बाथच्या जॉन पामरची पहिली टपालगाडी 2 ऑगस्ट 1784 रोजी दुपारी 4 वाजता ब्रिस्टॉलहून निघाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 8 ला लंडनला पोचली. 16 तास. तोवर त्याच टपालाला घोडेस्वार पोऱ्यांच्या हातून दीड दिवसही लागे. टपालगाडीला टोल माफ. गार्डने कर्णा फुंकला की नाकेवाल्याने फाटक उघडून ठेवायचं. पुढे मॅकॅडमच्या पद्धतीचे रस्ते झाले: प्रत्येक दगड 6 औंसांपेक्षा, म्हणजे साधारण 170 ग्रॅमपेक्षा मोठा नको, अशी खडी सुमारे 10 इंच जाडीची, मधे किंचित उंच म्हणजे पाणी कडेला जाईल. आपल्याकडची खडीची सडक हीच. या रस्त्यांवर 1830 च्या दशकात चांगल्या गाड्या तासाला 10 मैल धावत, थांबे धरून.

हा वेग घोड्याच्या दमावर नव्हता, घोडे बदलण्यावर होता. साधारण दर 10 मैलांना चारही घोडे बदलायचे. एका चांगल्या सरायीत ते असं होई:

गाडी अर्धा मैल लांब असतानाच गार्ड कर्णा वाजवतो. ते ऐकून मोतद्दार नवे चार घोडे साजासकट अंगणात किंवा दारापुढे आणून उभे करतात, ज्या क्रमाने जोडायचे त्याच क्रमाने. अंगावर झुली असतात, त्या शेवटच्या क्षणी ओढून काढतात. गाडी थांबते. गाडीवान लगाम सोडतो. आधी पुढची जोडी सुटते, तिचे ओढपट्टे आडव्या दांड्यांवरून निघतात. मग मागची जोडी: ओढपट्टे, आणि धुऱ्याच्या टोकाच्या साखळ्या. जोडताना क्रम उलटा. मागची जोडी धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना मागे सरकवून आधी घ्यायची, कारण गाडी आवरणारे तेच. मग पुढची जोडी. पुढच्यांचे लगाम मागच्यांच्या साजावरच्या कड्यांतून ओवून गाडीवानाच्या हाती द्यायचे. चार माणसं असली की हे सगळं दोन मिनिटांत होई आणि स्पर्धेच्या मार्गांवर एका मिनिटाच्या आत.

घाईत चुका ठरलेल्या होत्या. धुऱ्याची साखळी सैल राहिली तर उतारावर गाडी घोड्यांच्या मागच्या पायांवर येते आणि घोडा लाथा झाडतो. फार आवळली तर धुरा सतत मानेला झटके देतो. डाव्या बाजूला चालायची सवय असलेला घोडा उजवीकडे जोडला तर तो आत ढकलत राहतो आणि चौघांची चाल बिघडते. ओढपट्टा पिरगळून अडकवला तर दहा मैलांत कातडी सोलते. म्हणून शहाणा गाडीवान प्रत्येक सरायीत बॉक्सवर, म्हणजे आपल्या बैठकीवर, चढण्याआधी एक फेरी मारून कड्या आणि पट्टे डोळ्यांखालून घाली.

चाक निखळणं हा त्याहून मोठा धोका. जुन्या गाड्यांचं चाक एका खिळीवर धरलेलं असे. खिळी उडाली की चाक गेलं. बेझंट नावाच्या कारागिराने काढलेल्या नव्या टपालगाडीच्या आसाला चाक तीन लांब बोल्टांनी बांधलेलं असे, त्यामुळे एक सैल झाला तरी दोन उरतात. दुसरा अपघात कमानीचा. टपावर बसलेल्याने गाडी आत शिरताना वेळीच वाकलं नाही तर डोकं थेट तुळईवर. गाडीवान ओरडून सांगे, पण टपावर झोप लागलेल्याला ते ऐकू येईलच असं नाही.

घोड्यांचा खर्च

धंद्यातला ठोकताळा असा: रोज जाणाऱ्या-येणाऱ्या एका गाडीला दर मैलामागे एक घोडा. लंडन ते डोव्हर सुमारे 71 मैल, म्हणजे एका सेवेला सत्तरच्या आसपास घोडे. हे सगळे एका मालकाचे नसत. रस्त्यावरचे सरायवाले आपापल्या टप्प्याचे घोडे पुरवत आणि गाडीच्या उत्पन्नातून मैलांच्या हिशेबाने वाटा घेत. लंडनमध्ये या धंद्याचा बादशहा विल्यम चॅप्लिन. लॅड लेनमधली स्वॉन विथ टू नेक्स ही त्याची सराय, जिच्या अंगणाखाली तळघरात पागा होत्या. त्याच्याकडे 1800 च्या आसपास घोडे होते असं सांगतात. रेल्वे येताना दिसताच त्याने वेळीच पैसा तिकडे वळवला आणि पुढे लंडन अँड साउथ वेस्टर्न रेल्वेचा अध्यक्ष झाला.

जलद गाडीचा घोडा साधारण तीन-चार वर्षं टिके. नंतर तो शेतावर, लहान गाडीला किंवा खाटकाकडे. चंदीत ओट, सोबत घोड्यांना द्यायचे घेवड्यासारखे कठीण दाणे, कापलेली वैरण. धावून आलेल्या घोड्याला लगेच पोटभर गार पाणी पाजलं की पोटशूळ उठतो, म्हणून आधी त्याला फिरवून निववायचं, गवताच्या बोळ्याने अंग पुसायचं, मग थोडं थोडं पाणी. आणि खरारा झाल्याशिवाय चंदी नाही. चांगल्या मोतद्दारावर सरायीची अब्रू अवलंबून असे, कारण खराब घोडे दिल्याची बातमी गाडीवान पुढच्या प्रत्येक गावात नेत.

सगळ्यात मोठी भीती ग्लँडर्सची. घोड्यांचा हा संसर्गजन्य रोग. नाकातून चिकट स्राव, घशाशी गाठी, आणि बरा होण्याची आशा जवळजवळ नाही. तो माणसालाही लागतो. दिवसाला डझनावारी परके घोडे एकाच टाकीत तोंड घालत असतील तर एक आजारी जनावर सगळी पागा बसवू शके. त्यामुळे नवा घोडा घेताना आधी नाकपुडी बघायची आणि बाहेरच्या घोड्यांना वेगळी बादली द्यायची, हे शहाण्या सरायवाल्यांचे नियम.

तिकीट, जेवण, बक्षिसी

आतली जागा मैलाला सुमारे 5 पेन्स, टपावरची त्याच्या निम्मी. डोव्हरच्या 71 मैलांचे आत बसून 355 पेन्स, म्हणजे 1 पौंड 9 शिलिंग 7 पेन्स (तेव्हा 12 पेन्सचा शिलिंग, 20 शिलिंगांचा पौंड). शेतमजूर आठवड्याला 10 शिलिंगांच्या आसपास मिळवत असताना हा त्याचा तीन आठवड्यांचा पगार. शिवाय गाडीवान, गार्ड, वेटर, बूट साफ करणारा पोऱ्या, खोलीवाली बाई या सगळ्यांची बक्षिसी वेगळी. यांतल्या बऱ्याच जणांचा पगार नावापुरता आणि पोट बक्षिसीवर.

टपावरचे आणि आतले प्रवासी सरायीतही वेगळे बसत. आतल्यांना कॉफी रूम, टपावरच्यांना आणि गाडीवानांना टॅप रूम. जॉर्जमध्ये ही विभागणी अजून कळते: रस्त्याकडचा जुना बार ही गाडीवानांची आणि प्रवाशांची थांबायची खोली, मधला बार म्हणजे पूर्वीची कॉफी रूम, आणि वर जिथे आज जेवणाच्या खोल्या आहेत तिथे मुक्कामाच्या खोल्या. वाटेतल्या जेवणाला वीस मिनिटं मिळत. सूप इतकं कढत आणायचं की ते निवेपर्यंत कर्णा वाजावा, अशी तक्रार त्या काळच्या प्रवाशांनी वारंवार केली आहे.

भिंतीवरचं घड्याळ

जुन्या बारमध्ये गेलात तर भिंतीवरचं मोठं घड्याळ नीट बघा. तबकडीवर काच नाही, खाली लंबकाची पेटी. अशा घड्याळांना पार्लमेंट क्लॉक म्हणतात. गोष्ट अशी सांगतात की 1797 मध्ये पंतप्रधान पिटच्या सरकारने पार्लमेंटच्या कायद्याने घड्याळांवर कर बसवला (घरातल्या घड्याळाला 5 शिलिंग, सोन्याच्या खिशातल्या घड्याळाला 10 शिलिंग), लोकांनी घड्याळं ठेवणं सोडलं आणि सरायवाल्यांनी सर्वांसाठी ही मोठी घड्याळं लावली. कर खरा आहे. घड्याळाच्या धंद्याची वाताहत झाल्याने तो दुसऱ्याच वर्षी, 1798 मध्ये, मागे घ्यावा लागला. पण अशी घड्याळं त्याआधी सत्तरेक वर्षं सरायांत होतीच, आणि कारण सरळ होतं: गाडी वेळेवर सुटते की नाही ते अंगणाच्या दुसऱ्या टोकाहून दिसायला हवं.

तेव्हा प्रत्येक गावाची वेळ सूर्यावरून. ब्रिस्टॉल लंडनच्या 10 मिनिटं मागे. टपालगाडीच्या गार्डजवळचं घड्याळ कुलूपबंद डबीत असे, म्हणजे काट्यांशी खेळता येऊ नये. आणि पूर्व-पश्चिम मार्गांवर ते मुद्दाम थोडं पुढे किंवा मागे पडेल असं लावून देत, म्हणजे दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तिथल्या वेळेशी जुळे. रेल्वेने सगळीकडे लंडनची वेळ लावली ती यानंतर.

रेल्वेने पाडलं, रेल्वेनेच राखलं

जॉर्जवर रेल्वेचा घाव इतर सरायांपेक्षा लवकर बसला. लंडन ब्रिज स्टेशन 1836 मध्ये सुरू झालं, अंगणापासून काही मिनिटांवर. 1841 मध्ये रेल्वे ब्रायटनला पोचली, 1844 मध्ये डोव्हरला. म्हणजे जॉर्जच्या गाड्या ज्या दिशांना जात नेमक्या त्याच दिशा आठ वर्षांत गेल्या. लंडनहून सुटणारी शेवटची टपालगाडी 1846 च्या सुरुवातीला बंद झाली.

तरी अंगण लगेच ओस पडलं नाही. रेल्वे माल स्टेशनापर्यंत आणते. दुकानापासून स्टेशनापर्यंत तो घोडागाडीनेच जायचा. म्हणून रेल्वे कंपन्यांना शहरभर माल गोळा करायच्या जागा हव्या होत्या, आणि तयार अंगण, पागा, कोठारं असलेल्या जुन्या सराया त्यांना आयत्याच मिळाल्या. 1849 मध्ये जॉर्ज शेजारच्या गाय्ज हॉस्पिटलच्या विश्वस्तांनी घेतलं आणि 1874 मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वेला विकलं. किंग्ज क्रॉसहून उत्तरेला जाणाऱ्या या कंपनीला नदीच्या दक्षिणेला मालडेपो हवा होता, तो हा.

1889 मध्ये कंपनीने अंगणाची उत्तरेकडची आणि मधली बाजू पाडली आणि जागा मालासाठी मोकळी केली. व्हाइट हार्टही त्याच वर्षी गेली. टॅबर्ड, जिला तोवर टॅलबट म्हणत, 1870 च्या दशकातच पाडली गेली होती. जॉर्जची फक्त दक्षिणेकडची रांग उरली, कारण तिथे अजून सराय चालू होती. ती अमेलिया मरी आणि नंतर तिची मुलगी ॲग्नेस यांनी चालवली. या दोघींनी जुन्या खोल्या, बाकं, सज्जे जसेच्या तसे ठेवले; त्यांच्या जागी नवा रंगरंगोटीवाला मालक आला असता तर आज बघायला काही उरलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं. डिकन्सने ‘लिटल डॉरिट’मध्ये या सरायीचा नुसता नावाने उल्लेख केला आहे. त्याच्या बापाला 1824 मध्ये कर्जापायी ज्या मार्शलसी तुरुंगात टाकलं होतं तो याच रस्त्यावर थोडा पुढे होता, त्यामुळे हा भाग त्याला लहानपणापासून पाठ होता.

1937 मध्ये लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने, म्हणजे ग्रेट नॉर्दर्नच्या वारस कंपनीने, ही रांग जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकली. आज ती पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू आहे आणि भाड्याने पब म्हणून चालते.

जाणार असाल तर

दुपारी गर्दी वाढण्याआधी जा. फाटकातून आत आल्यावर सरळ अंगणाच्या मध्यावर जाऊन उभे राहा. उजव्या हाताला उरलेली रांग. तिचा रस्त्याकडचा भाग सज्जांचा, पलीकडचा भाग साधा, सज्जांशिवाय. डाव्या हाताला आणि समोर आता नव्या इमारती आहेत. तिथेही असेच सज्जे होते असं मनात धरून अंगणाची रुंदी मोजा. मग चार घोड्यांची गाडी इथे वळवायला किती जागा लागली असेल ते चालून बघा. आत जुन्या बारमधलं घड्याळ आणि जमिनीच्या फळ्यांचा उतार बघायला विसरू नका. वर जाता आलं तर सज्जातून खाली नक्की बघा, आणि कठड्यावर रेलू नका.

नंतर शेजारच्या टॅलबट यार्डात जा. टॅबर्डच्या जागी एक निळी पाटी आहे आणि मालाची ने-आण करणारी मागची दारं. बोळाची रुंदी मात्र अजून गाडीच्या मापाची आहे.

जॉर्जमध्ये जे पाडलं गेलं ते बघायचं असेल तर ग्लॉस्टरची न्यू इन गाठा. सेंट पीटर मठाने 1450 च्या सुमारास यात्रेकरूंसाठी बांधलेली ही सराय. दुसऱ्या एडवर्ड राजाच्या समाधीला येणाऱ्यांची गर्दी इतकी होती की मठातली जागा पुरेना. तिथे अंगणाभोवती सज्जे सलग आहेत, त्यामुळे एका बाजूच्या खोलीतून दुसऱ्या बाजूला कसं जात ते लगेच समजतं. आणि घोडागाड्यांच्या बहराचा काळ बघायचा असेल तर स्टॅमफर्डचं जॉर्ज: ग्रेट नॉर्थ रोडवर, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी टाकलेली पाटी, आणि दारातून आत शिरताच समोरासमोर दोन थांबायच्या खोल्या, एकीवर लंडन, दुसरीवर यॉर्क असं लिहिलेलं. दक्षिणेला जाणाऱ्याने एकीत बसायचं, उत्तरेला जाणाऱ्याने दुसरीत.